गणित आणि संगणन: शैक्षणिक उद्दिष्टे व संशोधनाचा अनुभव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या शेवटच्या टप्प्यात असलेले आणि पुढे गणितात, संगणकशास्त्रात किंवा या दोहोंच्या सीमेवरच्या एखाद्या विषयात संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी अर्ज लिहायला बसले, की जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मुख्य संदर्भ उद्देशपत्राचा, म्हणजे अर्जासोबत आपले शैक्षणिक उद्दिष्ट मांडणाऱ्या पत्राचा, आहे; परंतु आपल्याला नक्की काय करायचे आहे आणि आजवर जे केले त्याचे मोल किती, हे प्रश्न अर्जाची मुदत जवळ येण्याच्या पुष्कळ आधी स्वतःला विचारलेले बरे.

शैक्षणिक उद्दिष्ट किती नेमके असावे?

ते वाचणाऱ्या प्राध्यापकांना त्यावर एक प्रतिप्रश्न विचारता यावा, इतके तरी नेमके असावे. "मला लहानपणापासून गणिताची आवड आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात मोलाची भर घालण्याची इच्छा आहे" हे वाक्य कोणाच्याही अर्जात जसेच्या तसे बसते, म्हणून ते कोणाविषयीच काही सांगत नाही. दुसऱ्या टोकाला, पी (संगणकाला झटपट सोडवता येणारे प्रश्न) आणि एनपी (ज्यांचे दिलेले उत्तर झटपट तपासता येते असे प्रश्न) हे वर्ग वेगळे आहेत असे सिद्ध करण्याचा संकल्प सोडणारे अर्जही येतात. स्टीफन कुक यांनी 1971 मध्ये मांडलेला आणि क्ले गणित संस्थेने 2000 साली प्रत्येकी दहा लाख डॉलर पारितोषिकाच्या सात प्रश्नांत समाविष्ट केलेला हा प्रश्न कोणालाही खुणावेल. पण त्या दिशेने पहिले पाऊल कोणते टाकणार, हे लिहिलेले नसेल तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

या दोन टोकांच्या मधले उद्दिष्ट कसे दिसते, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, एखाद्या आलेखातील, म्हणजे कडांनी जोडलेल्या बिंदूंच्या जाळ्यातील, प्रत्येक शिरोबिंदूला जास्तीत जास्त डी कडा जोडलेल्या आहेत, आणि शेजारच्या शिरोबिंदूंना एकच रंग येणार नाही अशा बेताने तो आलेख के रंगांनी रंगवला आहे. आता एक शिरोबिंदू यादृच्छिकपणे निवडायचा, त्याला चालेल असा एखादा रंग यादृच्छिकपणे द्यायचा, आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करत राहायची. पुरेशा वेळाने हाती येणारी रंगभरणी सर्व शक्य रंगभरण्यांतून जवळजवळ समान संभाव्यतेने उचलल्यासारखी असेल का, आणि "पुरेसा वेळ" म्हणजे किती? मार्क जेरम यांनी 1995 मध्ये दाखवले की रंग डीच्या दुपटीहून अधिक असतील तर ही प्रक्रिया लवकर स्थिरावते. एरिक विगोडा यांनी 2000 च्या सुमारास ती मर्यादा डीच्या अकरा षष्ठांशांपर्यंत खाली आणली, आणि त्यानंतर ती अगदी थोडी थोडी उतरत आली आहे. डी अधिक 2 रंग पुरावेत, अशी अटकळ आहे. त्याहून एक रंग कमी केला तर काय होते, हे त्रिकोणावर लगेच कळते: तेथे डी म्हणजे 2, रंग 3, तिन्ही शिरोबिंदूंना वेगवेगळे रंग, कोणताही शिरोबिंदू घेतला तरी उरलेले दोन रंग शेजाऱ्यांनी अडवलेले असतात, आणि प्रक्रिया पहिल्याच पावलाला गोठते.

ज्या विद्यार्थ्याने असा एक परिच्छेद लिहिला, त्याला काय माहीत आहे, काय अजून उघडे आहे आणि कागद-पेन्सिल घेऊन तो स्वतः कोठपर्यंत गेला, हे तिन्ही वाचणाऱ्याला समजते. पुढे तो नेमका हाच प्रश्न सोडवेल अशी अपेक्षा कोणीही ठेवत नाही.

माझा विषय अजून ठरलेला नाही. तसे प्रांजळपणे लिहावे का?

लिहावे, मात्र "सर्वच विषयांत रस आहे" अशा शब्दांत नव्हे. पदवीच्या वयात विषय ठरलेला नसणे स्वाभाविक आहे. तुम्ही दोन किंवा तीन दिशा सांगा आणि प्रत्येकीत तुम्हाला कशाने थांबवून ठेवले ते लिहा: एखादे प्रमेय, एखादी सिद्धतेची युक्ती, एखादा अल्गोरिदम जो प्रत्यक्षात झपाट्याने चालतो पण तसा का चालतो हे पटकन सांगता येत नाही. रेषीय प्रायोजनातील (रेषीय अटी पाळून एखादी राशी कमाल किंवा किमान करण्याच्या प्रश्नांतील) सिम्प्लेक्स पद्धत हे अशा आकर्षणाचे चांगले उदाहरण आहे. व्यवहारात ती उत्तम चालते, आणि तरीही तिला घातांकी वेळ (प्रश्नाचा आकार थोडा वाढला तरी पटींनी वाढत जाणारा) लागेल अशी उदाहरणे क्ली आणि मिन्टी यांनी रचून दाखवली आहेत. ही विसंगती ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याची दिशा विषयाचे नाव न घेताही कळते.

गणितासाठी अर्ज करावा की संगणकशास्त्रासाठी?

विभागाच्या नावापेक्षा तेथे कोण काय करते हे पाहावे. आलेख सिद्धांत, कूटलेखन, गणनगुंतागुंत, इष्टतमीकरण, संख्यात्मक विश्लेषण हे विषय काही ठिकाणी एका विभागात, तर काही ठिकाणी दुसऱ्या विभागात शिकवले जातात. पात्रता परीक्षांत मात्र खरा फरक पडतो. गणित विभागात बहुधा विश्लेषण, बीजगणित आणि टोपॉलॉजी यांची कसून तयारी लागते, आणि ज्याला ती नकोशी वाटते त्याने केवळ नावाच्या वजनापोटी तेथे जाऊ नये.

संशोधनाचा अनुभव नेमका कशाला म्हणायचा?

ज्या कामात सुरुवातीला उत्तर ठाऊक नव्हते, ते पुस्तकाच्या मागच्या पानांवर मिळण्यासारखेही नव्हते, आणि तुम्ही ते शोधताना काय केले याची नोंद ठेवली, अशा कामाला संशोधनाचा अनुभव म्हणायला हरकत नाही. या व्याख्येत पुष्कळ गोष्टी बसतात. मार्गदर्शकांनी दिलेला शोधनिबंध वाचून त्यातील "हे सहज दिसते" असे लिहून सोडलेले टप्पे भरून काढणे हे काम मोलाचे आहे, मात्र त्याला वाचन-प्रकल्प म्हणावे. त्याउलट, तयार विदासंच घेऊन त्यावर तयार मॉडेल चालवणे आणि अचूकतेचा एक आकडा नोंदवणे याला संशोधन म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. त्यात प्रश्न कोणता होता, हे विचारले की बहुतेकांची पंचाईत होते. तोच विद्यार्थी जेव्हा सांगतो की विदेतील विशिष्ट स्तंभ काढून टाकल्यावर अचूकता वाढली आणि ती का वाढली याचा माग काढताना त्याला प्रशिक्षणाच्या व चाचणीच्या संचांत पुनरावृत्त नोंदी सापडल्या, तेव्हा तेथे संशोधनाची सुरुवात झालेली असते.

पदवीच्या प्रकल्पातून किती दूर जाता येते, याचे एक सर्वज्ञात उदाहरण आहे. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळेत (संख्येतील अंकांच्या एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेत), कोणत्याही यादृच्छिकतेविना आणि कोणत्याही असिद्ध गृहीतकाविना ठरवणारा अल्गोरिदम ऑगस्ट 2002 मध्ये मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी जाहीर केला. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी आयआयटी कानपूरमध्ये बी.टेक. पूर्ण केले होते, आणि त्यांच्या प्रकल्पाचा विषय हाच होता. हा निबंध 2004 मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापला गेला. या कथेचा जो भाग सहसा सांगितला जात नाही तो असा, की आदल्या वर्षी त्याच संस्थेतील आणखी दोन विद्यार्थ्यांनी त्याच विषयावर प्रकल्प केला होता, आणि त्यांच्या अहवालाचा संदर्भ मूळ निबंधात दिलेला आहे. ज्या प्रकल्पाच्या हाती अंतिम उत्तर लागत नाही, त्याचेही मोल असे असू शकते.

माझा एकही शोधनिबंध प्रसिद्ध झालेला नाही. अर्ज कमकुवत ठरेल का?

गणितात पदवीच्या विद्यार्थ्याचा निबंध छापून आलेला नसणे हेच सर्वसाधारण आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकातील निबंध मात्र अर्जाला खरोखर कमकुवत करतो. वाचणारे ती नावे ओळखून असतात.

मी सोडवलेला प्रश्न आधीच कोणीतरी सोडवलेला निघाला. आता त्याचा उल्लेख करावा का?

अवश्य करावा, आणि आधीचे काम कोणाचे हेही सांगावे. स्वतंत्रपणे त्याच उत्तराशी पोहोचणे ही क्षमतेची खूण आहे. ते काम लपवणे ही मात्र निराळी गोष्ट झाली. तुमची पद्धत वेगळी असेल तर दोन्ही पद्धतींची तुलना एका वाक्यात करा.

शोध घेण्याची सवय लवकर लागलेली बरी. मोजणीच्या प्रश्नात पहिली सहा-सात पदे हाती आली, की ती पूर्णांक अनुक्रमांच्या ऑनलाइन विश्वकोशात टाकून पाहावीत. तो नील स्लोन यांनी 1964 मध्ये, स्वतः पीएचडीचे विद्यार्थी असताना, कामाच्या सोयीसाठी सुरू केलेल्या संग्रहातून वाढला आहे. तेथे तुमचा अनुक्रम सापडला तर बहुधा संदर्भही सापडतात. सापडला नाही, तर शोध तेथेच थांबवू नये, कारण तोच प्रश्न दुसऱ्या शाखेत दुसऱ्या नावाने सुटलेला असू शकतो. 1991 पासून चालू असलेल्या अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर दोन-तीन वेगवेगळ्या संज्ञांनी शोधून पाहणे, आणि मग मार्गदर्शकांना विचारणे, एवढे तरी करावे.

संगणकावर लाखो उदाहरणे तपासली आणि सर्व बरोबर आली. याला निष्कर्ष म्हणता येईल का?

"अमुक मर्यादेपर्यंत पडताळले" असे म्हणता येईल. त्यापलीकडे एक शब्दही लिहू नये. या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गणित आणि संगणन जेथे भेटतात तेथे सर्वाधिक गफलत येथेच होते.

जॉर्ज पोल्या यांनी 1919 मध्ये एक अटकळ मांडली होती. 1 पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्या घ्या आणि प्रत्येकीचे मूळ अवयव, पुनरावृत्ती धरून, मोजा. ज्यांच्या अवयवांची संख्या सम आहे अशा संख्या, विषम असलेल्यांपेक्षा कधीही अधिक भरणार नाहीत, असे त्यांना वाटत होते. 2 पासून पुढे तपासत जा, दहा लाखांपर्यंत जा, दहा कोटींपर्यंत जा, अटकळ टिकते. सी. बी. हॅसलग्रोव्ह यांनी 1958 मध्ये ती चुकीची असल्याचे सिद्ध केले, आणि 1980 मध्ये सर्वांत लहान प्रतिउदाहरण सापडले: 90,61,50,257. आजचा साधा लॅपटॉप तेथपर्यंत सहज जातो; दहा कोटींवर थांबलेला विद्यार्थी मात्र पूर्ण खात्रीने चुकीचे विधान लिहून बसला असता.

वर सांगितलेल्या अग्रवाल-कयाल-सक्सेना निबंधातही एक अटकळ आहे. ती खरी ठरली तर अल्गोरिदम आणखी वेगवान होईल. एका प्राचलाच्या 100 पर्यंतच्या मूल्यांसाठी आणि दहा अब्जांपर्यंतच्या संख्यांसाठी ती पडताळलेली आहे, आणि तरीही हेन्ड्रिक लेन्स्ट्रा व कार्ल पोमेरन्स यांनी दिलेला युक्तिवाद ती बहुधा खोटी असल्याचे सुचवतो. लेखकांनी ही बाजूही निबंधातच नोंदवली आहे. अनुभव कसा मांडावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

याचा अर्थ संगणकीय शोध दुय्यम असतो, असे मुळीच नाही. प्रतिउदाहरण सापडले की तेच पूर्ण सिद्धता असते. ऑयलर यांनी अठराव्या शतकात अशी अटकळ केली होती की पाचवा घात मिळवण्यासाठी किमान पाच पाचव्या घातांची बेरीज करावी लागेल. लँडर आणि पार्किन यांनी 1966 मध्ये संगणकावर शोध घेऊन दाखवले की 27, 84, 110 आणि 133 यांच्या पाचव्या घातांची बेरीज ही 144 च्या पाचव्या घाताइतकी भरते. त्यांचा निबंध अवघ्या दोन वाक्यांचा होता. तेव्हा तुमच्या कामात संगणकाने काय केले – अटकळ सुचवली, मर्यादित प्रकरणे संपवली, की प्रतिउदाहरण शोधले – हे स्पष्ट शब्दांत लिहा.

कोडविषयी किती लिहावे?

प्रोग्रामिंग भाषांची आणि तयार कोडच्या ग्रंथालयांची लांबलचक यादी वाचली जात नाही. उत्तर बरोबर आहे याची खात्री तुम्ही कशी करून घेतली, हे एका परिच्छेदात लिहिलेले आवर्जून वाचले जाते. लहान प्रकरणे हाताने काढून जुळवली का? दोन वेगळ्या पद्धतींनी तोच आकडा काढला का? यादृच्छिक संख्यांचे बीज (ज्या आकड्यापासून त्या तयार होऊ लागतात तो) नोंदवले का? पूर्णांकांच्या प्रश्नात दशांशी गणित तर मध्ये शिरले नाही ना? हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण दुहेरी अचूकतेच्या चलबिंदू अंकगणितात (संगणकावर दशांशी संख्या हाताळण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) 2 चा 53 वा घात, म्हणजे 9,00,71,99,25,47,40,992, यात 1 मिळवून पाहा. उत्तर तेच राहते, आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. मूळ संख्यांवर किंवा मोठ्या गुणांकांवर काम करणाऱ्याच्या कोष्टकात असा आकडा गुपचूप शिरून बसतो. मग त्यावरून काढलेला आकृतिबंध कितीही देखणा असला तरी उपयोगाचा राहत नाही.

जुळवाजुळवीचा हा चिवटपणा किती दूर नेऊ शकतो, हे थॉमस नाइसली यांच्या कामावरून दिसते. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज काढताना 1994 मध्ये त्यांचे आकडे जुळेनात. प्रोग्राम आणि इतर शक्यता एकेक करून वगळत ते शेवटी पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील दोषापर्यंत पोहोचले.

कोड सार्वजनिक ठेवला असेल तर त्याचा दुवा द्या, पण तो नव्याने चालवून पाहिल्यावरच. दुसऱ्याच्या यंत्रावर न चालणारा कोड जोडण्यापेक्षा न जोडलेला बरा.

प्रमेयांच्या सिद्धता संगणकाकडून तपासून घेणे, म्हणजे लीन किंवा कॉक (आताचे नाव रॉक) यांसारख्या प्रणालींतील काम, संशोधनात धरले जाते का?

धरले जाते, आणि त्याची प्रतिष्ठा वाढत आहे. चार रंगांच्या प्रमेयाची (कोणताही नकाशा, शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांचे ठेवून, चार रंगांत रंगवता येतो) अ‍ॅपेल आणि हाकेन यांची 1976 ची सिद्धता संगणकावर विसंबून होती, म्हणून अनेकांना ती खटकत राहिली. जॉर्ज गोंतिए यांनी 2005 मध्ये त्या प्रमेयाच्या सिद्धतेचे कॉकमध्ये संपूर्ण औपचारिकीकरण केले, म्हणजे तिची प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घेतली. केप्लर यांच्या अटकळीची (समान गोल जास्तीत जास्त दाटीने कसे रचता येतात, याविषयीच्या) थॉमस हेल्स यांनी 1998 मध्ये दिलेली सिद्धता तपासणाऱ्या परीक्षकांनी, बरीच वर्षे खर्ची घालून, ती बरोबर असल्याची 99 टक्के खात्री असल्याचे कळवले होते. उरलेल्या एका टक्क्यासाठी हेल्स यांनी त्या सिद्धतेच्या औपचारिकीकरणाचा प्रकल्प उभारला आणि तो 2014 मध्ये पूर्ण झाला. तुम्ही एखादे लहान उपप्रमेय जरी लीनमध्ये लिहिले असेल, तरी पुस्तकातील सिद्धतेचा कोणता टप्पा तेथे अडला आणि तो का अडला, हे सांगा. लिहिण्याजोगे बहुधा तेथेच असते.

गटाने केलेल्या कामात माझा वाटा कसा सांगावा?

"आम्ही" आणि "मी" यांची सरमिसळ करू नये. प्रश्न मार्गदर्शकांनी दिला, मुख्य कल्पना सहकाऱ्याची होती आणि तुम्ही खालची मर्यादा सिद्ध केली, असे असेल तर तसेच लिहावे. गणितात आणि सैद्धांतिक संगणकशास्त्रात लेखकांची नावे सहसा आडनावांच्या अक्षरक्रमाने येतात, तर संगणकशास्त्राच्या इतर अनेक शाखांत पहिले नाव सर्वाधिक काम करणाऱ्याचे असते. तुमचा निबंध एका परंपरेतला आणि वाचणारे दुसऱ्या परंपरेतले असतील, तर एक वाक्य खर्चून हा क्रम समजावणे श्रेयस्कर. त्याचप्रमाणे संगणकशास्त्रात परीक्षण होऊन परिषदेत स्वीकारलेला निबंध हे मुख्य प्रकाशन मानले जाते, हे गणितज्ञांच्या लक्षात येईलच असे नाही.

शिफारसपत्र कोणाकडून घ्यावे?

ज्यांनी तुम्हाला अडकलेले पाहिले आहे, त्यांच्याकडून. नामवंत प्राध्यापकांच्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला आणि त्यांच्याशी कधी बोलणेच झाले नाही, तर त्यांचे पत्र तुमच्या गुणपत्रिकेपलीकडे काही सांगू शकत नाही. पत्र मागताना तुमच्या कामाचा एका पानाचा गोषवारा आणि उद्देशपत्राचा मसुदा सोबत द्यावा, तसेच पुरेसा अवधी द्यावा.

एका विषयात गुण फारच कमी आहेत. त्याचे स्पष्टीकरण द्यावे का?

तो विषय उद्दिष्टाशी निगडित असेल तरच, आणि एकाच वाक्यात. विश्लेषणात कमी गुण असूनही पुढे मापन सिद्धांत घेतला आणि तो चांगला झाला, तर तेवढा उल्लेख पुरेसा आहे.

उद्देशपत्र लिहिताना भाषा-मॉडेलची मदत घेतली तर चालते का?

संस्थेचे नियम आधी वाचावेत, कारण ते सर्वत्र सारखे नाहीत. शुद्धलेखनापुरती मदत घेतली असेल तर प्रश्न सहसा येत नाही. संदर्भांच्या बाबतीत मात्र सावध राहावे: अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचे नाव, लेखक आणि वर्ष अशी मॉडेले सफाईने देतात. ज्यांच्या नावावर तो निबंध खपवलेला असतो, तेच प्राध्यापक निवड समितीत असू शकतात.

पत्रात किती गणित लिहावे?

समितीत तुमच्या उपशाखेतील एखादी व्यक्ती असते आणि बाकीच्या नसतात, हे धरून लिहावे. प्रश्न कोणत्याही गणितज्ञाला समजेल अशा शब्दांत मांडावा, त्यानंतर तज्ज्ञासाठी दोन-तीन तांत्रिक वाक्ये यावीत, आणि सूत्र अगदी अपरिहार्य असेल तरच द्यावे. चिन्हे वापरलीच तर प्रत्येकाची व्याख्या करावी. शब्दमर्यादा दिलेली असेल तर ती पाळावी. दिलेली नसेल तर दोन पाने पुरतात, आणि सिद्धतेचा तपशील द्यायचा असल्यास तो वेगळ्या जोडपत्रात द्यावा.